घोड्याचा खूर : त्याची वाढ, त्याची दुखणी आणि नालबंदाचा हिशेब

नालबंद आणि घोडेवाला यांचा तंटा काही आजचा नाही. घोडा लंगडला की पहिले बोट नालबंदाकडे जाते. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका थंड हवेच्या ठिकाणी ऐन मे महिन्यात असाच एक तंटा आमच्यासमोर झाला. घोडेवाला तरुण होता. पर्यटकांना फिरवणारी एकच घोडी आणि तिच्यावर घरातली सहा माणसे अवलंबून. घोडी उजव्या पुढच्या पायाने टेकायला तयार नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीच तिला नाल ठोकली होती.

"चाचा, तुमचा खिळा लागला. सीझनचे दिवस चाललेत माझे. भरपाई कोण देणार?"

वयस्कर नालबंद शांतपणे म्हणाले, "बेटा, भरपाईचं नंतर बोलू. आधी पाय तर बघू दे."

त्यांनी पाय मांडीवर घेतला, खुरावरची माती पुसली आणि खिशातून सुतारकामाची पट्टी काढली. केस संपतात आणि खूर सुरू होतो त्या कडेपासून थोडे खाली, खुराला वेढा घातल्यासारखी एक उंच रेघ होती. चाचांनी ते अंतर मोजले. जवळजवळ अडीच सेंटिमीटर भरले. मग त्यांनी विचारले, "तीन महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीच्या सुमाराला, हिला काय झालं होतं?"

तरुण गप्प झाला. ते उत्तर पुढे येईलच. पण पट्टी लावून तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट कशी काय कळते, हे समजून घेणे नालबंदाला, टांगेवाल्याला, लग्नाच्या वरातीला घोडी पुरवणाऱ्याला आणि जनावरांच्या व्यापाऱ्याला सारखेच फायद्याचे आहे. म्हणून हा लेख.

घोड्याचा खूर म्हणजे खरे तर त्याच्या एका बोटाचे नख होय. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, तेही बोटाच्या टोकावर उभा असतो. आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच केराटिनचा खूर बनतो. बाहेरच्या भिंतीत रक्त नाही आणि नसाही नाहीत, म्हणून तिच्यात खिळा ठोकता येतो. पण भिंतीच्या आत लगेच जिवंत भाग सुरू होतो, आणि तिथे रक्तही भरपूर व संवेदनाही भरपूर. भिंतीची जाडी पुढच्या टोकाला सर्वांत जास्त असते आणि टाचेकडे कमी होत जाते. नालबंदाचे सगळे हुनर या थोड्याशा जागेत आहे.

भिंत वरून खाली वाढते. केसांच्या कडेशी जी मऊ, किंचित फुगीर पट्टी लागते, तीच खुराची जननी. तिथल्या पेशी सतत नवे द्रव्य तयार करतात आणि जुने खाली ढकलतात. भिंत बारीक बारीक नळ्यांची असते. बोरूची जुडी उभी बांधून मधल्या फटी सरसाने भरल्या तर जसे दिसेल, तशी तिची रचना. वाढीचा वेग महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर असतो. हिशेबाला ८ धरावा. शिंगरांचा खूर जास्त वेगाने वाढतो, म्हाताऱ्या जनावराचा सावकाश. उबदार दिवसांत आणि हिरवा चारा असताना वेग वाढतो, थंडीत आणि उपासमारीत घटतो. पुढच्या टोकाला वरून निघालेला कण जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागते. टाचेची उंची कमी, म्हणून तिथे पाच-सहा महिने पुरतात.

याचा अर्थ असा की घोड्याच्या खुरावर मागच्या वर्षभराचा हिशेब लिहिलेला असतो. मोठा ताप, उपासमार, खाण्यात एकदम झालेला बदल, शिंगरू देणे, असे काहीही घडले की त्या दिवसांतले द्रव्य वेगळे पडते आणि भिंतीवर कडे उमटते. ते कडे मग महिन्याला आठ मिलिमीटरने खाली उतरते. व्यापाऱ्याची वही खोटी लिहिता येते, ही येत नाही.

अर्थात ही वही पुसता येते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा कोणत्याही बाजारात जाणाऱ्या आमच्या वाचकांना आमचे सांगणे असे की, दात पाहण्याआधी पाय उचला. खूर नुकताच कानशीने घासून गुळगुळीत केला असेल, वर काळे तेल चोपडून चकचकीत केला असेल, तर विकणाऱ्याला कोणते कडे लपवायचे होते, हे विचारायला संकोच करू नका. सारखी, समांतर आणि बारीक कडी असतील तर चिंता नाही. ऋतू बदलताना ती पडतातच. पण पुढे जवळजवळ आणि टाचेकडे पंख्यासारखी पसरत गेलेली कडी दिसली तर सौदा सोडा, नाही तर भाव निम्म्यावर आणा. ही खूण लॅमिनायटिस नावाच्या रोगाची आहे.

हा रोग समजण्यासाठी खुराच्या आत डोकावले पाहिजे. आतले शेवटचे हाड खुराच्या तळव्यावर ठेवलेले नसते. ते भिंतीला टांगलेले असते. भिंतीच्या आतल्या बाजूला उभ्या पातळ पाकळ्या असतात, एका खुरात साधारण ५५० ते ६००. हाडाकडच्या बाजूलाही तशाच पाकळ्या, आणि वहीची पाने वहीत घालावीत तशा त्या एकमेकींत गुंतलेल्या. प्रत्येक पाकळीवर पुन्हा शंभरावर सूक्ष्म पाकळ्या. हे सगळे उलगडून पसरले तर एका खुरात जवळजवळ एक चौरस मीटर जागा भरेल. एवढ्या मोठ्या जोडावर भार वाटला जातो, म्हणून चारशे किलोचे जनावर दगडावर दौडूनही खूर फाटत नाही. त्यातही पुढच्या दोन पायांवर साधारण साठ टक्के वजन असते. लंगडण्याच्या बहुतेक तक्रारी पुढच्या पायांच्या का असतात, याचे हे एक कारण.

लॅमिनायटिसमध्ये या पाकळ्यांचा जोड सुटू लागतो. हाड फिरते, किंवा खाली बसते. फार वाढले तर ते तळवा फोडून बाहेर येते आणि मग जनावराला वाचवणे कठीण. कारण बहुधा पोटात असते. घोड्याने एकदम भरपूर धान्य खाल्ले की ते मोठ्या आतड्यात आंबते, विषारी द्रव्ये रक्तात जातात आणि एकदोन दिवसांत पाय धरतात. दुसरे कारण अलीकडच्या काळात उलगडले. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण सतत वाढते ठेवले, तर केवळ त्यानेच त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे गूळ, पाव, बिस्किटे आणि गोड खुराक खाऊन मानेवर चरबी चढलेले, काम नसलेले तट्टू धोक्यात असते. पर्यटकांनी कौतुकाने भरवलेली बिस्किटे घोडेवाल्याने हसत हसत का होईना, पण थांबवावीत.

लक्षणे ओळखू येतात. घोडा पुढचे पाय समोर ताणून मागच्या पायांवर रेलून उभा राहतो, वळताना कुरकुरतो, खूर गरम लागतो आणि खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवले तर नाडी जोरात उडताना कळते. अशा वेळी घोड्याला चालवू नये. "चालवून मोकळा होईल" हा सल्ला आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे, आणि तो घातक आहे. धान्य बंद करावे, मऊ मातीवर किंवा वाळूवर उभे करावे आणि डॉक्टरला बोलवावे. धान्य खाल्ल्याचे लगेच लक्षात आले तर पाय घोट्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात दोन-तीन दिवस सतत ठेवल्याने पाकळ्या वाचू शकतात. एकदा जोड सुटल्यावर बर्फाचा तेवढा उपयोग नाही.

आता त्या घोडीकडे येऊ. फेब्रुवारीत ज्वारीची सुगी झाली, घरात पोती आली. एका रात्री घोडी सुटली आणि तिने एक पोते फोडले. दोन-चार दिवस ती अवघडून चालली, मग बरी झाली, आणि गोष्ट विसरली गेली. पण जोड थोडा सुटला होता. तळव्याकडून पाहिले तर भिंत आणि तळवा यांच्या मध्ये एक फिकट पिवळसर रेघ असते, तिला पांढरी रेघ म्हणतात. पाकळ्यांचे ते खालचे टोक. जोड ताणला गेला की ही रेघ रुंद आणि भुसभुशीत होते आणि तिच्यात खडे शिरतात. चाचांनी नाल उतरवली, खिळ्यांची छिद्रे एकेक तपासली. कोरडी आणि स्वच्छ होती. मग पुढच्या टोकाला, जिथे खिळा नसतोच, रुंद झालेल्या रेघेत सुरीचे टोक हलकेच फिरवले. काळा, दुर्गंधीचा पू बाहेर आला, आणि घोडीने काही वेळातच पाय टेकला.

तरुणाने माफी मागितली. चाचांनी मजुरी घेतली, भरपाईचा विषय कोणी काढला नाही. पण आमच्या मनात आले की पट्टीचा हिशेब माहीत नसता तर चाचांचे त्या गावातले नाव गेले असते. ही कारागिरी नावावरच चालते.

मात्र प्रत्येक वेळी नालबंद निर्दोष असतो असे आम्ही म्हणणार नाही. खिळ्याची चूक दोन प्रकारची. खिळा जिवंत भागात गेला तर घोडा तत्क्षणी पाय ओढतो, कधी खिळ्यासोबत रक्त येते. दुसरा प्रकार फसवा आहे. खिळा जिवंत भागाच्या अगदी जवळून जातो, टोचत नाही, पण दाबतो, आणि लंगडणे काही दिवसांनी दिसते. खिळा पांढऱ्या रेघेच्या बाहेरच असला पाहिजे, हा पहिला नियम. खिळ्याच्या टोकाची एक बाजू तिरकी घासलेली असते. ती आत ठेवली की खिळा आपोआप बाहेर वळतो. डोक्यावरची कंपनीची खूणही त्याच बाजूला असते, म्हणून खूण आत. नवशिक्याने ही एक गोष्ट विसरली तर खिळा उलटा आत वळतो. कान उघडे ठेवा. टणक भिंतीत जाणाऱ्या खिळ्याचा आवाज प्रत्येक ठोक्याला खणखणीत येतो. तो मऊ, मुका झाला तर हात थांबवा आणि खिळा काढा. खिळा टोचलाच असेल तर छिद्र आयोडीनने धुवावे, त्या छिद्रात पुन्हा खिळा घालू नये आणि मालकाला ते सांगावे. लपवलेला खिळा आठवड्याने बोलतोच.

सांगण्याचे कारण आणखी एक. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारे जनावर आहे. त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि हवा न लागणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ते वाढतात. खिळ्याचे छिद्र ही तशी जखम. धनुर्वाताची लस स्वस्त आहे, रोग मात्र बहुतेक वेळा जीव घेतो. ज्याचे पोट एका घोड्यावर आहे त्याने ही लस चुकवू नये. नालबंदाने स्वतःही घ्यावी, कारण त्याचे हात रोज त्याच मातीत असतात.

मालकाकडून होणारी मोठी चूक म्हणजे नाल झिजेपर्यंत वाट पाहणे. "नाल अजून मजबूत आहे, कशाला बदलू?" हा प्रश्न काटकसरीचा वाटतो. पण नालेखाली खुराची झीज थांबते आणि वाढ मात्र चालूच राहते. तीन महिने काढले तर भिंत अडीच सेंटिमीटर वाढली. शिवाय सर्व बाजूंनी सारखी वाढत नाही. प्रत्येक पावलाला टाचा किंचित फाकतात आणि नालेवर घासून झिजतात. पुढच्या टोकाला खिळ्यांनी पकडून ठेवलेले, तिथे झीज नाही. परिणामी टोक लांब आणि टाच बुटकी. पाय उचलताना लांब टोक अडते, आणि मागच्या शिरांवर ताण येतो. त्या शिरा एकदा फाटल्या तर कित्येक महिने काम बंद. म्हणून सहा आठवड्यांनी, फार तर आठ आठवड्यांनी नाल उतरवावी, खूर तासावा, आणि नाल चांगली असेल तर तीच पुन्हा ठोकावी. खर्च मजुरीचा येतो, लोखंडाचा नाही.

टाचा फाकतात हे ऐकून काहींना नवल वाटेल. तळव्याच्या मध्यभागी रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, उर्दू बोलणारे उस्ताद त्याला पुतली म्हणतात. पाय टेकला की पुतली आणि तिच्यावरची गादी दाबली जाते, टाचा बाहेर सरकतात आणि आतले रक्त वर ढकलले जाते. पाय उचलला की पुन्हा रक्त भरते. म्हणून खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे ठोकू नयेत. टाच जखडली की हा पंप मंदावतो. आणि पुतली सुंदर दिसावी म्हणून सुरीने कोरत बसू नये. लोंबणारे फाटके तुकडे काढावेत, बाकी तिला जमिनीला लागू द्यावे.

पुतलीचे दुखणे पावसाळ्यात येते. तिच्या खाचांत काळा, चिकट, सडका वास येणारा स्राव दिसतो. लिदीच्या ओल्या थरावर उभ्या राहणाऱ्या घोड्यांना हे होते. याचे जंतूही हवेला भितात. औषधाआधी खाचा साफ करून हवा लागू द्यावी, उभे राहण्याची जागा कोरडी करावी, मग आयोडीन वापरावे. रोज संध्याकाळी चारही पाय उचलून खुरपणीने साफ करायला पाच-सात मिनिटे लागतात. तेवढ्यात खडा, काच, हललेला खिळा, सगळे सापडते.

भिंतीत साधारण पाव भाग पाणी असते, पुतलीत जवळजवळ निम्मे. भिंत सतत भिजली आणि सतत वाळली की ती ढिली होते, खिळ्यांची छिद्रे मोठी होतात आणि कडा तुटतात. त्यावर इलाज म्हणून गॅरेजमधले जळके ऑईल चोपडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. आमचे मत स्पष्ट आहे. त्याने खूर काळा दिसतो, यापलीकडे काही होत नाही. वाढ केसांच्या कडेपाशी आतून होते, बाहेरून पाजून होत नाही, आणि ते घाण तेल त्या मऊ कडेला लागले तर त्रासच.

आतून द्यायचे ते काय? पुरेसे गवत, थोडा लसूणघास, मीठ आणि स्वच्छ पाणी. बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाचा उपयोग सिद्ध झाला आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ लिपिझानर घोड्यांपैकी काहींना रोज २० मिलीग्रॅम बायोटिन देण्यात आले. नऊ महिन्यांनंतर त्यांचे खूर इतरांपेक्षा चांगले दिसले. नऊ महिने का, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. जे फुटले ते बरे होत नाही, वरून नवे येते तेच चांगले येते. म्हणून पंधरा दिवसांत खूर दुरुस्त करणारी पुडी कोणी विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

धंद्याचेही थोडे सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली व्हिक्टोरिया गाड्या वर्षभरात बंद करण्याचा हुकूम दिला, आणि कुलाब्यापासून तबेल्यापर्यंत अनेकांची रोजी गेली. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने घोडा टिकून आहे, पण तिथेही डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा आल्या, आणि तांबड्या मातीच्या रस्त्यांवर बसवलेल्या ब्लॉकवरून घोड्याचे पाय घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ती तक्रार समजण्यासारखी आहे. गुळगुळीत फरसबंदीवर लोखंडी नाल म्हणजे तेलकट फरशीवर लोखंडी चप्पल. ऊस वाहणाऱ्या बैलांना पत्री मारण्याचे काम हंगामात मिळते, पण बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन वेगळ्या पत्र्या लागतात आणि त्याची गोष्टच वेगळी.

'नअल' हा अरबी शब्द आणि 'बंद' फारसी. मराठी दप्तरांत नालबंदी म्हणजे स्वारांना मोहिमेआधी दिली जाणारी आगाऊ रक्कम. फौज निघण्याआधी घोड्याच्या पायाचा पैसा मोजला जात असे, यावरून त्या काळच्या हिशेबाची कल्पना यावी. चौदाव्या शतकात काहिरात मामलूक सुलतान अल-नासिर मुहंमद यांच्या घोड्यांची देखभाल करणाऱ्या अबू बक्र यांनी घोड्यांच्या निगेवर आणि रोगांवर लिहिलेला अरबी ग्रंथ 'नासिरी' या नावाने आजही अभ्यासला जातो. आपल्याकडचे नालबंद मात्र लिहीत नाहीत. चाचांकडेही वही नव्हती. आम्ही त्यांना एवढेच सुचवले की ज्या दिवशी नाल ठोकली ती तारीख, चारही पायांची स्थिती आणि जुनी कडी कुठे होती, हे दोन ओळींत लिहून मालकाची सही घ्यावी. त्यांनी मान डोलावली आणि ते काम मुलाकडे सोपवले.

पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, आम्ही पुन्हा तिथे गेलो तेव्हा ती घोडी कामावर होती. उजव्या पुढच्या खुरावरचे कडे खाली उतरत जवळजवळ जमिनीला टेकले होते आणि त्याच्या वरची भिंत सरळ व गुळगुळीत आली होती. चाचांनी कानस उचलली. आणखी एक-दोन वेळा तासले की ज्वारीच्या पोत्याची ती रात्र खुरावरून निघून जाईल, असे ते म्हणाले.